हव, तसंच म्हणाल्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला सांगेन सांगेन म्हणत होते, तर तीच गेली. आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या ब्राह्मणपाऱ्यात राहत नाही; उद्या सकाळी दुधाची पिशवी आणायला निघाले तर तुमची-माझी गाठ पडायची नाही. बघा — कबूल करायला बसले, तरी आधी पळवाट पाहून ठेवली. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

गोष्ट एका शब्दाची आहे. एकाच. कुणी मेलं नाही, कुणाचं घर मोडलं नाही. म्हणून तर इतकी वर्षं लपली. मोठं पाप असतं तर कुठून ना कुठून बाहेर आलं असतं. हे माझं लहानसं, कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्यासारखं. अधूनमधून हात घालून बघते — आहे का अजून? असतंच.

मी इथलीच, रायपूरची. आमचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर आले आणि परत जायचं विसरले, असं माझे वडील सांगत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. तिन्ही भाषा तोंडात अशा मिसळल्या आहेत की एक कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते, ते माझं मलाच कळत नाही. पण शाळेत मी हिंदी शिकवते. बावीस वर्षं झाली. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

शीतल माझी धाकटी जाऊ. वणीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आमच्या घरी आली. दीर सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात. कधी दिवसपाळी, कधी रातपाळी, आणि घरी येताना कॉलरवर काळी धूळ. माझ्या नवऱ्याचं पंडरीला कापडाचं दुकान. दोघं आपापल्या कामाला गेले की घरात आम्ही तिघी उरायचो — सासूबाई, मी आणि ती. शीतलचं बोलणं खणखणीत वऱ्हाडी. सिनेमाची हिंदी तिला यायची, गाणी तर सगळी पाठ. पण बँकेतली, दवाखान्यातली, नळाच्या बिलावरची हिंदी समोर आली की ती थबकायची. त्याची तिला लाज मात्र नव्हती. पदराला हात पुसत कागद घेऊन माझ्याकडे यायची. ताई, 'निरस्त' म्हणजे काय? ताई, 'अनिवार्य' काहून लिवलं इथं? मी सांगायची. अर्थ कळला की तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून जायचं, आणि ती तो शब्द दोनदा तोंडात घोळवून परत कामाला लागायची. मला ते फार आवडायचं. कुणाला नाही आवडणार? माणूस खुर्चीवर बसताना तिचे पाय तपासून बघतो का? तशी ती माझ्या शब्दावर बसायची.

तिची पहिली मुलगी गौरी माहेरी झाली, तालुक्याच्या दवाखान्यात, ऑपरेशनने. बाळ उलटं होतं, पाय खाली. त्यामुळे आमच्याकडे एक मजेशीर वाद सुरू झाला — गौरी पायाळू की नाही? पायाळू माणसाने पाठीवर पाय दिला की उसण उतरते म्हणतात. शेजारच्या बायका कंबर धरून यायच्या, पोरीचा पाय लावून घ्यायच्या. सासूबाईंना ते मंजूर नव्हतं. पोट फाडून काढली ती कसली पायाळू, असं त्यांचं म्हणणं. पण एकदा तांदळाचा डबा सरकवताना त्यांच्याच पाठीत उसण भरली, तेव्हा दोन वर्षांच्या गौरीला साखर देऊन बोलावलं आणि पालथ्या पडून राहिल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो. उसण उतरली की नाही, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हसायचो आम्ही खूप. हे सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल, आमचं पहिल्यापासून वाकडं होतं. तसं असतं तर सोपं झालं असतं.

सासूबाईंची चारही बाळंतपणं याच घरात, मागच्या खोलीत झाली. त्यांना दोन सुना मिळाल्या, आणि दोघींचं पोट कापलेलं. त्या आम्हाला 'टाक्याच्या सुना' म्हणत. कापड दुकानदाराच्या घरात टाके असायचेच, असंही वर म्हणत. त्यात खोच होती, पण ती आम्हा दोघींत वाटली जायची. अर्धी तिला, अर्धी मला. वाटून घेतलेलं बोलणं तेवढं लागत नाही. शीतल यायच्या आधी ते पुरतं माझ्या एकटीच्या वाट्याला होतं — कच्च्या कंबरेची, दम नसलेली, एका पोरावर थांबलेली.

एका पोरावर का थांबले? तेही सांगून टाकते. मुलाच्या वेळी दिवसभर कळा दिल्या आणि शेवटी ऑपरेशन झालं. टाके काढताना तिथल्या डॉक्टरांनी कागदावर लिहिता लिहिता, वर न बघता सांगितलं, की आता पुढचंही ऑपरेशनच होणार. मी मान हलवली. ऑपरेशनाशिवाय होऊ शकतं का, हे विचारायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. पुढे दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की मला ते टेबल दिसायचं, वरचा दिवा दिसायचा, आणि मी म्हणायची, बघू पुढच्या वर्षी. असं म्हणता म्हणता वय निघून गेलं. हे मी कारण म्हणून सांगत नाही हं. कारण आणि सबब यांतला फरक मी मुलांना शिकवते.

गौरी साडेतीन वर्षांची असताना शीतलला पुन्हा दिवस राहिले. त्या हिवाळ्यातल्या दुपारी मला अजून आठवतात, पण धड आठवत नाहीत — जरा लांबून, जरा पिवळसर. गच्चीवर चटई टाकून आम्ही दोघी बसायचो. गच्चीवर सिलतऱ्याकडून येणारी बारीक काळी धूळ रोज झाडावी लागायची. झाडून झालं की ती पाय पसरून उन्हात बसायची आणि पोटावर हात ठेवून बोलायची. कधी मला, कधी आतल्याला. मध्येच डोळे मिटायची. कुठल्यातरी देवळातली घंटा वाजायची आणि आम्ही दोघी ती संपेपर्यंत ऐकत राहायचो. अशाच एका दुपारी तिने मला गौरीच्या वेळचं सगळं सांगितलं.

पाणी गेलं होतं, पण दुखत नव्हतं. तपासणाऱ्या बाईंच्या हाताला आधी पाय लागला. तिथल्या आयाबाया हसल्या — पोट्टी मायले आतूनच लाथ मारून राहिली म्हणे. मग सगळी धावपळ, गाडी, दिवे. कुणी वाईट नव्हतं, ती म्हणाली, हसता हसताच त्यांनी तिला वाचवलं. पण ती उघडी पडलेली होती आणि लोक हसत होते, एवढं तिच्या मनात राहिलं. आणि दुसरं एक. ते ती अगदी हळू बोलली.

"मले एक बी कळ नाही आली, ताई. एकदा पाहाचं होतं, कळ कशी येते ते."

त्या दिवशी मला कळलं, की तिला या वेळी स्वतःहून बाळंत व्हायचं आहे. सासूबाईंना दाखवायला नाही. गौरी अजून कडेवर बसायची. टाके पडले की तिला उचलता येणार नाही, ही एक काळजी होती. पण खरं म्हणजे तिला ती वाट स्वतः चालून बघायची होती, बस.

आता दवाखान्याकडे येते. येते — आलेच.

आमच्या भागात एक बंगाली डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना दीदी म्हणत. पांढरे केस, जाड चष्मा, घाई नाही. त्यांची हिंदी आमच्यासारखी नव्हती. बंगाली वळणाची, सावकाश. 'डरो मत' न म्हणता त्या 'भय मत करो' म्हणायच्या. सासूबाईंचे गुडघे धरलेले, दीर दिवसपाळीला, म्हणून शीतलबरोबर मी गेले. नेहमी मीच जायची.

दीदींनी गौरीच्या वेळचा कागद नीट वाचला. मग औषधाच्या चिठ्ठीच्या मागे एक चित्र काढलं. उलटं ठेवलेलं मडकं, आणि त्याच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ. हा तुमचा जुना टाका, म्हणाल्या. पोटावर दिसतो तो नव्हे, आत पिशवीवरचा. उभा असता तर मी विषयच काढला नसता. हा आडवा आहे, खाली आहे. पहिलं ऑपरेशन बाळ उलटं होतं म्हणून झालं, आणि हे बाळ सरळ आहे. मध्ये वर्षंही बरी गेली आहेत. म्हणजे दोन्ही वाटा तुमच्यासाठी उघड्या आहेत.

मग त्यांनी दोन्ही वाटा सांगितल्या. एकीला गोड आणि दुसरीला कडू न करता. कळा आपल्या आपण आल्या, तर दवाखान्यात येऊन राहायचं, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवायचं, ऑपरेशनची खोली तयार ठेवायची. जुना टाका उसवण्याचा धोका असतो — फार क्वचित, पण तो झाला तर हातात वेळ नसतो, म्हणून घरी थांबून वाट बघायची नाही. आणि मधेच थांबून ऑपरेशन करावं लागलं, तर तेही करायचं. दुसरी वाट, तारीख ठरवून ऑपरेशन. त्यात काय होणार ते आधी ठाऊक असतं. पण जखम मोठी, उठायला उशीर, आणि पुढे पुन्हा बाळ हवं असलं तर दर ऑपरेशनागणिक ते थोडं अवघड होत जातं. दोन्हीत चूक कुठलीच नाही. आठवडाभर विचार करा.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा हे ऐकत होते. खुर्ची माझी नव्हती, पोट माझं नव्हतं. पण ते चित्र — ते उलटं मडकं — मी त्याच्याकडे बघत राहिले. माझ्याही पिशवीवरची रेघ आडवीच असेल का? मला कुणी असं चित्र काढून का दाखवलं नाही? खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि दीदींचा आवाज त्या उन्हातून आल्यासारखा, मऊ, लांबून. मला एकदम फार एकटं वाटलं. आणि मग, लगेच मागोमाग, दुसरं काहीतरी वाटलं. त्याला नाव आहे. मत्सर. हिंदीत 'ईर्ष्या'. समानार्थी — द्वेष, जळफळाट. सगळे मला येतात.

ही बाळंत झाली आपली आपण, तर घरात टाक्याची सून एकच उरणार होती.

निघताना दीदींनी शीतलच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, "मन हो तो एक बार चेष्टा करके देखते हैं, बहू. भय मत करो."

चेष्टा. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न. आपल्याकडची हिंदी 'कोशिश' म्हणते, सिनेमातही कोशिशच असते. 'चेष्टा' पुस्तकातला शब्द. पण बंगाली माणसाच्या तोंडी तो रोजचा, डाळभातासारखा. आणि मराठीत — मराठीत काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको.

शीतलने मान खाली घातली. मी ते पाहिलं. तिथेच, त्याच क्षणी मला समजलं, तिने काय ऐकलं ते.

बाहेर आवारात कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता. बाजूला एक बाई टोपलीत बिही घेऊन बसायची. बिही म्हणजे पेरू. इथे सगळे बिहीच म्हणतात. मी दोन घेतल्या, मीठ-तिखट लावून. शीतलने तिची हातातच धरून ठेवली. खूप वेळ. पानांतून ऊन तिच्या पोटावर हलत होतं. मग तिने विचारलं. नेहमीसारखंच, एखाद्या बिलावरचा शब्द विचारावा तसं. फक्त आवाज बारीक होता.

"ताई, डॉक्टरीणबाई माही चेष्टा काहून करते म्हणे?"

किती सोपं होतं हो. एक शब्द सांगायचा होता. अगं वेडे, चेष्टा म्हणजे कोशिश — आणि ती हसली असती, मीही हसले असते, घरी जाऊन सासूबाईंना सांगून परत हसलो असतो, आणि हा किस्सा मुलांच्या लग्नापर्यंत पुरला असता. मी बिहीचा घास चावत होते. बी दाताखाली आली. मी ती काढली, रुमालात ठेवली. म्हणजे मला वेळ होता. घाईत तोंडातून निसटलं, असं नव्हतं ते.

"हव," मी म्हणाले. "तसंच म्हणाल्या."

बघा, एक अक्षर खोटं नाही. तसंच तर म्हणाल्या होत्या. मी नंतर कितीदा स्वतःला हे ऐकवलंय! खोटं न बोलता खोटं बोलायचं तर भाषा चांगली यावी लागते, आणि माझी चांगली होती.

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांत ती तालुक्याच्या दवाखान्यातली खोली परत आली, हे मला स्पष्ट दिसलं. मग ती म्हणाली, ऑपरेशनच बरं, निदान त्यात आपण झोपलेलो तरी असतो. बिही तिने न खाता पिशवीत टाकली, गौरीसाठी.

सुधारायला मला पुरा एक आठवडा होता. सात दिवस. सात दुपारी आम्ही गच्चीवर बसलो. दिराने मला विचारलं, वहिनी, डॉक्टर काय म्हणाल्या? मी सांगितलं, दोन्ही चालेल म्हणाल्या, पण शीतल घाबरते, जबरदस्ती नको करू. किती समजूतदार वाटले असेन मी! तो म्हणाला, तुम्ही आहात तर मला काळजी नाही. आठव्या दिवशी आम्ही परत गेलो. शीतल बोलेना, तेव्हा मीच म्हणाले, दीदी, इसको डर लगता है, ऑपरेशन ही करवाएगी. दीदींनी माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे वाकून विचारलं, मन से बोल रही हो ना? शीतल 'जी' म्हणाली. एवढा शब्द तिला येत होता. दीदी म्हणाल्या, ठीक आहे, तुझं शरीर, तुझा निर्णय. आणि ते मडक्याचं चित्र असलेली चिठ्ठी फाईलमध्ये घालून टाकली.

सासूबाईंनी महाराजांकडून मुहूर्त काढून आणला, दीदींनी त्यातला सोयीचा दिवस धरला, आणि मुक्ता झाली. गोरी, गुबगुबीत, दणकून रडणारी. सगळं नीट झालं. हे नीट होणं मला फार सोयीचं पडलं. काय बिघडलं? काहीच नाही. कळांची वाट धरली असती तर कदाचित त्याच टेबलावर जावं लागलं असतं. कदाचित काही वाईटही झालं असतं. कुणाला ठाऊक? — पण तेच तर. मी कुणाला ठाऊक होऊ दिलं नाही. तिला निवडायचं होतं, आणि तिच्या जागी मी निवडलं, आणि निवडलं ते तिच्या भल्याचा विचार करून नव्हे.

एका कोपऱ्यात टाका पिकला. दीड महिना ती धड उठू शकली नाही. गौरी खाटेशी येऊन उभी राहायची, हात वर करून, आणि शीतल तिला म्हणायची, बाई, थांब थोडे दिवस. पोरगी हात वर करूनच उभी राहायची. मग मी तिला उचलायची. ती माझ्या कडेवरून आईकडे बघत राहायची.

जखम मीच पुसायची. ड्रेसिंग मीच बदलायची, वेळेवर, हात धुऊन, हलक्या हाताने. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. त्या दिवसांत मी इतकी चांगली वागले, की माझाच त्यावर विश्वास बसायला लागला. एकदा कापूस काढताना शीतलने माझं मनगट धरलं. म्हणाली, ताई, तुम्ही होता म्हणून, नाही तर त्या बाई माही चेष्टाच करणार होत्या. मी म्हणाले, हलू नको, दुखेल.

पुढे ती बायकांना सांगायची, त्या बंगाली बाईकडे नका जाऊ, मोठ्या डॉक्टर असतील, पण गरिबाची चेष्टा करतात. मी तिथेच बसलेली असायची. दोन-तीन वर्षांनी दीदी आमच्या दुकानात पडद्याचं कापड घ्यायला आल्या. दवाखाना बंद करून मुलाकडे जायला निघाल्या होत्या. मी त्या दिवशी दुकानात होते. त्यांनी मला ओळखलं. "बहू कैसी है? मुझे तो बड़ी हिम्मतवाली लगी थी," म्हणाल्या. मी म्हणाले, मजेत आहे. त्यांना निळ्या पट्ट्यांचं कापड हवं होतं, मी गठ्ठा उलगडून दाखवला.

मला एक स्वप्न पडतं. दुपारच्या डुलकीत, रविवारी, पंखा सावकाश फिरत असताना. त्यात तोच बाक असतो, तोच कडुनिंब. शीतल विचारते. आणि मी सांगते — कोशिश, गं. कोशिश करून बघू म्हणतात. ती माझ्याकडे बघते, आणि तिला ऐकू येत नाही. मी मोठ्याने सांगते. बिहीवाली वळून बघते, पानं हलायची थांबतात, सगळ्यांना ऐकू जातं — तिला नाही. मग मी जागी होते. चहाची वेळ झालेली असते, आणि तीच कप घेऊन आलेली असते.

एवढंच असतं तर मी कदाचित आजही लिहायला बसले नसते. पण याच हिवाळ्यात, महिन्याभरापूर्वी, आणखी एक झालं.

मुक्ता आता चौथीत आहे. मराठी तिला कळते, पण उत्तर हिंदीत देते. आमच्याकडची सगळीच मुलं तशी. शनिवारची दुपार होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होतो. मुक्ता दाराशी ऊन पडतं तिथे पोटावर पालथी पडून हिंदीचा धडा पाठ करत होती. समानार्थी शब्द. मी कान दिला नव्हता. बावीस वर्षं तेच ऐकते. जल — पानी, नीर. पवन — हवा, वायु. प्रयास — कोशिश, चेष्टा.

शीतलचा हात थांबला.

तिने मुक्ताला ते परत वाचायला लावलं. मुक्ताने वाचलं. चेष्टा म्हणजे काय, विचारलं. मुक्ता म्हणाली, मतलब कोशिश करना, मम्मी, ट्राई करना. आणि मग कंटाळून, पान उलटता उलटता, "बड़ी मम्मी से पूछ लो ना. वो तो हिंदी की टीचर है."

शीतल माझ्याकडे वळली. रागाने नाही. नऊ वर्षांपूर्वी त्या बाकावर वळली होती तशीच — अर्थ विचारायला. मला वाटतं, तिला हवं असलेलं उत्तर तिने आधीच मनात धरलं होतं, आणि ते माझ्या तोंडून यावं एवढीच तिची इच्छा होती. चुकलं म्हणाले असते तरी चाललं असतं. विसरले म्हणाले असते तरी.

"ताई, तुमाले माहीत होतं काय?"

समोर मुक्ता होती. दाराबाहेर वाळत घातलेल्या साड्या वाऱ्याने हलत होत्या. सगळं पुन्हा तसंच लांबून, पिवळसर झालं होतं. मला दुसऱ्यांदा तोच प्रश्न, तोच वेळ, तीच संधी मिळाली होती. असं किती जणांना मिळतं?

"नाही," मी म्हणाले.

बावीस वर्षं हिंदी शिकवणाऱ्या बाईला 'चेष्टा'चा अर्थ माहीत नव्हता. या वेळी शब्दांत लपायलाही जागा ठेवली नाही मी. उघडंनागडं खोटं. तेही अशा बाईपुढे, जिने माझ्याच तोंडून शेकडो अर्थ ऐकले होते.

तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग 'हव' म्हणाली, हळूच, आणि मुक्ताला सांगितलं, वाच पुढचं. आम्ही राहिलेले मटार सोलले. संध्याकाळी तिने मटारची उसळ केली, मला आधी वाढलं.

काहीही बदललं नाही. ती मला ताईच म्हणते. चहा आणते. सासूबाई गेल्यापासून घरात 'टाक्याच्या सुना' म्हणणारं कुणी नाही. परवा विजेचं बिल आलं, त्यावर खाली लाल अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. शीतलने ते हातात घेतलं, शब्दावर बोट ठेवलं, आणि ओठ हलवून दोनदा वाचून बघितलं. मी समोरच होते. हात पुसून पुढेही केला होता, सवयीने.

तिने आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "मुक्ता, इकडे ये बरं. ह्याचा अर्थ सांग."